हयातीचा अदमास

नोव्हेंबर महिना लागला, भाताची मळणी आटोपून गवताच्या उडव्या रचल्या गेल्या आणि सकाळच्या हवेत किंचित गारवा जाणवू लागला म्हणजे मालवणच्या बाजारपेठेतील बँकांच्या दारात एक निराळीच रांग दिसू लागते. काठी टेकीत आलेले निवृत्त शिक्षक, मुलाच्या खांद्यावर हात ठेवून उभे असलेले टपालखात्यातील जुने कर्मचारी, पतीच्या पश्चात कुटुंब निवृत्तिवेतन घेणाऱ्या नऊवारीतल्या वृद्धा, ही सारी मंडळी एकाच कागदासाठी आलेली असतात, आणि त्या कागदाचे नाव ‘हयातीचा दाखला’. आपण अजून आहोत असे वर्षातून एकदा सिद्ध केले म्हणजे पुढील वर्षाची सोय होते. २०१४ सालच्या नोव्हेंबरात केंद्र सरकारने बोटाच्या ठशावर चालणारे ‘जीवन प्रमाण’ सुरू केले, पुढे ऐंशी ओलांडलेल्यांना ऑक्टोबरपासूनच दाखला देण्याची मुभा मिळाली, आणि रांग पूर्वीपेक्षा आखूड झाली. परंतु ऐंशी ओलांडलेल्यांसाठी स्वतंत्र मुदत ठेवणे आवश्यक वाटावे इतकी त्यांची संख्या झाली, ही गोष्ट मला त्या सोयीहूनही अधिक अर्थपूर्ण वाटते.

जुन्या सनदांमध्ये इनामाच्या मुदतीसाठी दोन शब्द येत असत: ‘वंशपरंपरा’ आणि ‘तहहयात’. ज्याला तहहयात तनखा मिळाला, त्याने आपण किती वर्षे जगणार याचा विचार करण्याचे कारण नव्हते, कारण त्याच्या दीर्घायुष्याचा भार सरकारी खजिन्यावर पडे. आजचा निवृत्तिवेतनधारकही या बाबतीत त्या इनामदारासारखाच निश्चिंत असतो. परंतु जो मनुष्य पंचेचाळिसाव्या किंवा पन्नासाव्या वर्षी नोकरीचा राजीनामा देऊन, साठविलेल्या पुंजीवर उरलेले आयुष्य काढू म्हणतो, तो स्वतःच सरकार होतो आणि स्वतःच इनामदार. देणाऱ्याच्या भूमिकेतून त्याला हे ठरवावेच लागते, की घेणारा किती काळ हयात राहील. मुदतीपूर्वी निवृत्त होणाऱ्याच्या साऱ्या हिशेबाचे मर्म या एका अदमासात आहे, आणि माझ्या अनुभवाप्रमाणे सर्वांत मोठी चूकही तेथेच होते.

सिंधुदुर्गाला मुदतीपूर्वी गावी परतणारा चाकरमानी नवा नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या कापड गिरण्यांचा संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख कामगारांच्या संसारावर तो कोसळला. त्यांतील कोकणातले कितीतरी लोक पत्र्याची ट्रंक आणि वळकटी घेऊन गावी आले ते परत गेलेच नाहीत. चाळिशीतच त्यांच्या नोकरीचा शेवट झाला, आणि त्याला निवृत्ती म्हणावयाचे तर ती न मागता मिळालेली निवृत्ती होती. अदमास बांधावयाला त्यांना उसंत कोठली? पुढे २०००-०१ साली सरकारी बँकांतील लाखाच्या घरातील कर्मचाऱ्यांनी स्वेच्छानिवृत्ती पत्करली, आणि २०१९ च्या अखेरीस भारत संचार निगमच्या योजनेखाली पन्नाशी ओलांडलेले अठ्ठ्याहत्तर हजारांहून अधिक लोक एकाच दिवशी, ३१ जानेवारी २०२० ला, सेवामुक्त झाले. या दोन्ही वर्गांना निदान एकरकमी भरपाई आणि थोडा विचारकाळ तरी मिळाला. आता जो चौथा वर्ग दिसू लागला आहे, तो कोणी न सांगता, पूर्ण विचारान्ती येतो. संगणकाच्या किंवा वित्तसंस्थांच्या नोकरीत वीस-पंचवीस वर्षे काढलेला, मुंबई-पुण्याचे घर विकलेला किंवा भाड्याने दिलेला, कोकण रेल्वेने १९९८ पासून आणि चिपीच्या विमानतळाने २०२१ पासून गाव जवळ आणल्यामुळे धीर आलेला हा मनुष्य आचरा, देवबाग, धामापूर अशा ठिकाणी वडिलोपार्जित जागेत चिऱ्यांचे घर बांधतो आणि यापुढे चाकरी नाही असे म्हणतो.

अशाच एका गृहस्थांनी गेल्या चैत्रात आपली वही माझ्यापुढे ठेवली. माझी उमेदीची वर्षे आयुर्विम्याच्या कचेरीत गेलेली असल्यामुळे असे लोक माझ्याकडे येतात, आणि मलाही तो विषय जिव्हाळ्याचा आहे. त्यांचे वय ४७. वही अत्यंत टापटिपीची: किराणा, वीज, मुलाचे शिक्षण, घराची डागडुजी, माडांना खत, सारे काही रकान्यांत मांडलेले. शेवटच्या ओळीत ‘आयुर्मान ७५’ असे लिहून त्याखाली दुहेरी रेघ मारलेली होती. हा आकडा कोठून आला असे विचारताच ते म्हणाले, “वडील अडुसष्टाव्या वर्षी गेले, आजे त्याच्याही अगोदर. मासिकात महाराष्ट्राची सरासरी त्र्याहत्तर वाचली होती. मी पंच्याहत्तर धरले, ते थोडे हात राखूनच.”

त्या त्र्याहत्तरापासूनच आरंभ करू. भारताच्या महानिबंधकांच्या नमुना नोंदणी पद्धतीवरून जी कोष्टके तयार होतात, त्यांप्रमाणे २०१६ ते २०२० या काळात भारताचे सरासरी आयुर्मान ७० वर्षे आणि महाराष्ट्राचे ७३ च्या जवळपास होते. ही कोष्टके राज्याच्या पातळीवर थांबतात, म्हणजे मालवणच्या माणसालाही गडचिरोलीच्या माणसाबरोबर एकाच सरासरीत बसावे लागते. परंतु त्याहून मोठी गोष्ट अशी, की हे आयुर्मान ‘जन्माच्या वेळचे’ आहे. आज जन्मलेल्या बालकांपैकी काही पहिल्या वर्षातच दगावतील, काही तरुणपणी अपघातात जातील, आणि त्या सर्वांचे थोडे थोडे आयुष्य मिळवून ती सरासरी निघालेली असते. सत्तेचाळीस वर्षांचा मनुष्य हे सारे उंबरठे ओलांडून आलेला असतो. त्याला जन्माच्या वेळची सरासरी लावणे म्हणजे घाट उतरून आलेल्या प्रवाशाला घाटमाथ्यावरचे अंतर सांगण्यासारखे आहे. साठीला पोहोचलेल्या भारतीयाला सरासरीने आणखी १८.३ वर्षे मिळतात, पुरुषाला १७.५ आणि स्त्रीला १९. म्हणजे अठ्ठ्याहत्तर ही झाली सरासरी, आणि सरासरीचा अर्थच असा की निम्म्याच्या आसपास लोक तिच्याही पुढे जातात. त्या गृहस्थांनी पंच्याहत्तर धरले ते हात राखून नव्हे, तर हात आखडून.

जन्माच्या वेळच्या आकड्याने किती दिशाभूल होते ते आपल्याच मातीतील उदाहरणांवरून पाहावे. १९११ ते १९२१ या दशकात हिंदुस्थानातील सरासरी आयुर्मान विसाच्या आसपास होते. १९१८ च्या इन्फ्लुएंझाने ते इतके खाली ओढले होते. त्याच १९१८ साली देवगड तालुक्यातील धालवलीत विंदा करंदीकरांचा जन्म झाला आणि १४ मार्च २०१० रोजी, वयाच्या एक्याण्णवाव्या वर्षी ते निवर्तले. त्यांच्यानंतर चारच वर्षांनी, १९२२ साली, वेंगुर्ल्यात जन्मलेले बॅरिस्टर नाथ पै जानेवारी १९७१ मध्ये, अवघ्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी हृदयविकाराने गेले. साऱ्या कोकणाने तो आपल्या घरातला मृत्यू मानला. एकच किनारा, एकच पिढी, आणि आयुष्यांत त्रेचाळीस वर्षांचे अंतर. कोणत्याही कोष्टकाला या दोघांपैकी एकाचेही आयुष्य अगोदर सांगता आले नसते. कोष्टक समुदायाविषयी बोलते. व्यक्तीविषयी ते केवळ संभवाचा पल्ला सांगते, आणि तो पल्ला फार रुंद असतो. एडमंड हॅली या ज्योतिर्विदाने १६९३ साली ब्रेस्लाव शहरातील जन्ममृत्यूच्या नोंदींवरून तहहयात वर्षासनांची किंमत ठरविणारे कोष्टक रचले, आणि १८२५ साली बेंजामिन गोम्पर्ट्झने दाखविले की प्रौढपणी मृत्यूचा संभव ठराविक गतीने वाढत जातो, आजच्या मानाने साधारण आठ वर्षांत दुप्पट होतो. समुदायाच्या बाबतीत हे नियम अत्यंत विश्वसनीय ठरले आहेत. तुमच्या-माझ्या बाबतीत ते मौन पाळतात.

कोष्टकात आणखी एक उणीव असते. ते आजच्या मृत्युदरांवरून बनलेले असते. आज सत्तेचाळीस वर्षांचा मनुष्य मात्र आणखी तीस वर्षांनी म्हातारा होणार असतो, तेव्हाच्या औषधांच्या आणि शस्त्रक्रियांच्या युगात. १९७०-७५ मध्ये साठीनंतर सरासरीने चौदा वर्षांच्या आसपास आयुष्य मिळे, ते आता अठरापलीकडे गेले आहे. ही वाढ अखंड असते असे नाही. करोनाच्या लाटेने २०२१ मध्ये भारताचे आयुर्मान संयुक्त राष्ट्रांच्या गणनेप्रमाणे सदुसष्टच्या आसपास उतरले आणि दोनच वर्षांत पुन्हा बहात्तरवर आले. परंतु वळण वरच्या दिशेचे आहे, आणि जो अदमास बांधतो त्याने ते जमेस धरले पाहिजे.

या विषयात ज्यांचा पैसा गुंतलेला असतो ते कसा हिशेब करतात हे पाहणे सर्वांत उद्बोधक आहे. विमा कंपनीला विमेदार लवकर गेला तर तोटा होतो, आणि वर्षासनधारक फार जगला तर तोटा होतो. म्हणून ती दोघांसाठी दोन निरनिराळी कोष्टके ठेवते. आज भारतात विमेदारांसाठी २०१२-१४ चे आणि वर्षासनधारकांसाठी २०१२-१५ चे कोष्टक वापरात आहे, आणि दुसऱ्यात वृद्धपणीचे मृत्युदर कमी धरलेले असतात. कारण ज्याला आपण पुष्कळ जगू असे वाटते तोच बहुधा तहहयात वर्षासन विकत घेतो, आणि त्याचे ते वाटणे पुष्कळदा खरे ठरते. आपल्या लोकांच्या आयुष्याविषयी इतरांनी केलेला अदमास नेहमी न्याय्य होता असेही नाही. एकोणिसाव्या शतकात परदेशी विमा कंपन्या हिंदी माणसाकडून युरोपियनापेक्षा जादा हप्ता घेत. ती प्रथा १८७० च्या सुमारास स्थापन झालेल्या बाँबे म्युच्युअलने मोडली. पुढे १९ जानेवारी १९५६ रोजी आयुर्विम्याच्या राष्ट्रीयीकरणाची घोषणा करणारे अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख हेही कोकणचेच, महाडजवळच्या नात्याचे. १ सप्टेंबर १९५६ ला महामंडळ अस्तित्वात आले तेव्हा २४५ विमासंस्था त्यात विलीन झाल्या.

विमा कंपन्यांप्रमाणे सरकारही आयुष्याचा हिशेब करते, आणि तो प्रत्येक निवृत्ताच्या कागदपत्रांत दडलेला असतो. निवृत्तिवेतनाचे अंशराशीकरण म्हणजे मासिक रकमेचा काही हिस्सा सोडून देऊन त्याबदली एकरकमी पैसा घेणे. केंद्राच्या कोष्टकात साठीला निवृत्त होणाऱ्यासाठी हा गुणक ८.१९४ आहे, म्हणजे सोडलेल्या हिश्श्याचे आठ वर्षे आणि थोडे महिने इतके पैसे हातात मिळतात. सोडलेला हिस्सा पूर्वी कायमचाच जाई. १९८६ साली ‘कॉमन कॉज’ संस्थेच्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयाने पंधरा वर्षांनी तो पुन्हा सुरू करण्याचे मान्य केले, कारण निवृत्त लोक पंधरा वर्षांहून अधिक जगत होते आणि त्यांनी घेतलेला पैसा केव्हाच वसूल झालेला होता. सहाव्या वेतन आयोगानंतर केंद्राने ऐंशीव्या वर्षी मूळ निवृत्तिवेतनात वीस टक्के, पंचाऐंशीला तीस, नव्वदीला चाळीस, पंच्याण्णवला पन्नास आणि शंभराव्या वर्षी शंभर टक्के जादा देण्याचा नियम केला. शंभर हा आकडा सरकारने आपल्या नियमांत छापून ठेवला आहे, आणि खासगी नोकरी सोडून आलेला, अंगी उत्तम हिशेबीपणा असलेला मनुष्य मात्र आपल्या वहीत पंच्याहत्तरावर दुहेरी रेघ मारतो!

आपल्या परंपरेने तर हा आकडा कधीच तोकडा धरला नव्हता. पन्नाशीनंतर वानप्रस्थ, साठीला षष्ट्यब्दीपूर्ती, आणि ऐंशी वर्षे दहा महिन्यांच्या सुमारास सहस्रचंद्रदर्शन: एक हजार पौर्णिमा म्हणजे २९.५३ दिवसांच्या हिशेबाने बरोबर तेवढाच काळ होतो. विंशोत्तरी दशांची बेरीज एकशेवीस वर्षांची आहे. ज्योतिषातील आयुर्दायावर मी भरवसा ठेवावयास सांगत नाही. परंतु ज्या समाजात सहस्रचंद्रदर्शनाचा विधी पिढ्यान्पिढ्या चालत आला, त्या समाजात ऐंशी पाहणारी माणसे पूर्वीही होती, एवढे त्यावरून निश्चित समजावे.

धोंडो केशव कर्वे यांचे आयुष्य या दृष्टीने मी पुन्हा पुन्हा आठवतो. १८ एप्रिल १८५८ रोजी कोकणात जन्मलेले अण्णासाहेब १८९१ साली फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवू लागले आणि १९१४ साली, छप्पन्नाव्या वर्षी, निवृत्त झाले. नोकरी तेवीस वर्षांची. त्यानंतर ९ नोव्हेंबर १९६२ पर्यंत, म्हणजे आणखी अठ्ठेचाळीस वर्षे ते जगले. निवृत्तीचा काळ सेवेच्या दुपटीहून मोठा झाला. महिला विद्यापीठ त्यांनी निवृत्तीनंतर दोन वर्षांनी स्थापन केले, आणि भारतरत्न त्यांना शंभराव्या वर्षी मिळाले. निवृत्तीच्या दिवशी १९१४ साली कोणी त्यांना अपेक्षित आयुष्य विचारले असते, तर गणिताच्या त्या प्राध्यापकालाही १९६२ हे साल सुचले नसते. अण्णासाहेब अपवाद होते हे खरे. तथापि आपण तो अपवाद नाही असे सत्तेचाळिसाव्या वर्षी कोण छातीठोकपणे सांगू शकतो?

आता मी त्या गृहस्थांना विचारलेल्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतो, कारण माझ्या मते साऱ्या विषयाचा गाभा तोच आहे. “वहिनींचे वय काय?” असे मी विचारले. बेचाळीस. वहीत त्यांची जन्मतारीख कोठेच नव्हती.

सिंधुदुर्ग हा स्त्रियांचा जिल्हा आहे. २०११ च्या जनगणनेत येथील लोकसंख्या ८,४९,६५१ होती, २००१ पेक्षा कमी, आणि हजार पुरुषांमागे १०३६ स्त्रिया होत्या. याचे मोठे कारण पुरुष पोटापाण्यासाठी मुंबईला जातात हे आहे, परंतु म्हातारपणी पुरुष आधी जातात हेही एक आहे. पती पाच वर्षांनी वडील, आणि साठीनंतर स्त्रीला मिळणारे आयुष्य दीड वर्षाने अधिक, या दोहोंची बेरीज केली तर सरासरीनेच साडेसहा वर्षांचे वैधव्य पदरी येते. आणि सरासरीपलीकडे किती, याला मोजमाप नाही. शिवाय दोघांच्या आयुष्याचा हिशेब एकाच्या आयुष्यासारखा चालत नाही. समजा, एखाद्या दांपत्यात प्रत्येकाला पंच्याऐंशी गाठण्याचा संभव तीनांत एक आहे. तर दोघांपैकी निदान एकाने गाठण्याचा संभव नवांत पाच होतो, म्हणजे निम्म्याहून अधिक. पुंजी दोघांची असेल, तर तिला जो मागे राहील त्याच्या शेवटच्या दिवसापर्यंत पुरावयाचे असते.

माझी आत्या मसुऱ्याची. यजमान गिरणीत होते. ते गेले तेव्हा ती त्रेपन्न वर्षांची होती, आणि ती गेली अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी. मधली पस्तीस वर्षे! भविष्यनिर्वाहनिधीचा पैसा अकराव्या वर्षी संपला. नंतरची चोवीस वर्षे तिने घरचे भात, परसातले पाच माड, उन्हाळ्यात सुकवलेली आमसुले आणि भाच्यांनी गणपतीला येताना हातावर ठेवलेल्या नोटा यांवर काढली. तिच्या तोंडून तक्रारीचा शब्द मी ऐकला नाही, परंतु औषधाची गोळी अर्धी मोडून दोन दिवस पुरवताना मी तिला पाहिले आहे, आणि त्या अर्ध्या गोळीचा विसर मला आजतागायत पडलेला नाही. तिच्या यजमानांनी कोणतीही उधळपट्टी केली नव्हती. त्यांनी हिशेब केला तो आपल्या आयुष्याचा केला, एवढीच त्यांची चूक होती.

म्हणून ‘मी किती जगेन’ हा प्रश्नच अपुरा आहे. घरातील सर्वांत धाकट्या परावलंबी व्यक्तीची, बहुधा पत्नीची, आणि काही घरांत अपंग अपत्याची किंवा अविवाहित बहिणीची, हयात कोठपर्यंत जाऊ शकेल, हा खरा प्रश्न होय. वृद्धांच्या स्थितीचा स्वतंत्र अभ्यास आपल्याकडे फार उशिरा सुरू झाला. पुण्याच्या गोखले संस्थेतील लोकसंख्याशास्त्रज्ञ कुमुदिनी दांडेकर यांचा ‘द एल्डर्ली इन इंडिया’ हा ग्रंथ १९९६ चा, आणि देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने पंचेचाळिशीपुढच्या बहात्तर हजारांहून अधिक लोकांची पाहणी सुरू केली ती २०१७-१८ ची. त्या पाहणीने म्हातारपणाचा आरंभ पंचेचाळिसाव्या वर्षापासून पाहावयाचे ठरविले, ही गोष्ट त्याच वयात नोकरी सोडणाऱ्यांनी ध्यानात घ्यावी.

पंच्याहत्तराऐवजी पंच्याण्णव धरावयाचे म्हटले की ऐकणारा दचकतो. त्याला वाटते, वीस वर्षांची आणखी तरतूद म्हणजे आणखी वीस वर्षांची नोकरी. वास्तविक तसे नाही. पन्नासाव्या वर्षी निवृत्त होणाऱ्या माणसाच्या पैशावर महागाई वजा जाता दोन टक्के खरे व्याज सुटते असे धरू. पंच्याहत्तरापर्यंत पुरण्यासाठी त्याला आजच्या वार्षिक खर्चाच्या साडेएकोणीस पट पुंजी लागेल. पंच्याऐंशीपर्यंत पंचवीस पट. पंच्याण्णवपर्यंत साडेएकोणतीस पट. वर्षाचा खर्च तीन लाख असेल तर अनुक्रमे साडेअठ्ठावन्न लाख, पंचाहत्तर लाख आणि साडेअठ्ठ्याऐंशी लाख. जादा वीस वर्षांची किंमत दहा वर्षांच्या खर्चाइतकीच पडली, आणि त्यांतील शेवटचे दशक सर्वांत स्वस्त. कारण त्या दशकाच्या वाट्याचा पैसा सर्वांत अधिक काळ वाढत राहतो.

मात्र हा हिशेब दोन टक्क्यांवर उभा आहे, आणि ते दोन टक्के कोणी लिहून देत नाही. सार्वजनिक भविष्यनिर्वाहनिधीला १९८६ ते २००० पर्यंत बारा टक्के व्याज होते. एप्रिल २०२० पासून ते ७.१ टक्के आहे. महागाई सहा टक्के राहिली तर खर्च बारा वर्षांत दुप्पट होतो: पन्नाशीतले वीस हजार बासष्टाला चाळीस, चौऱ्याहत्तराला ऐंशी, आणि शहाऐंशीला एक लाख साठ हजार. सरकारी निवृत्ताला महागाई भत्ता मिळतो. स्वतःच्या पुंजीवर जगणाऱ्याला तो स्वतःलाच द्यावा लागतो. अमेरिकेतील विल्यम बेंगेन यांनी १९९४ साली पहिल्या वर्षी पुंजीच्या चार टक्के आणि पुढे महागाईप्रमाणे वाढ असा जो नियम मांडला, तो आपल्याकडील तरुण फार विश्वासाने सांगतात. परंतु तो तीस वर्षांसाठी, अमेरिकेच्या बाजारावरून काढलेला आहे. सत्तेचाळिसाव्या वर्षी थांबणाऱ्या येथील जोडप्याला पन्नासाहून अधिक वर्षांचा विचार करावयाचा असतो. तेथे तो नियम लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

पुष्कळांचा भरवसा पुंजीपेक्षा बागायतीवर असतो. हापूसची कलमे, काजू, माड, आणि अलीकडे तारकर्ली-देवबागकडे पर्यटकांसाठी बांधलेल्या दोन खोल्या, या सर्वांना ते ‘आमचे पेन्शन’ म्हणतात. हा शब्द प्रेमाचा आहे, अचूक नाही. १६ मे २०२१ च्या तौक्ते वादळाने एका दिवसात किती बागांतली झाडे आडवी केली ते येथील प्रत्येकाने पाहिले. शिवाय बागायतीला राबणारा मालक लागतो. साठीपर्यंत माणूस पाणी लावतो, खत घालतो, फवारणीवर उभा राहतो. पंच्याहत्तराला तो नारळ पाडणाऱ्या पाडेल्याची वाट पाहत पडवीत बसतो, आणि पाडेली मिळाला तरी त्याची मजुरी आणि नारळाचा भाव यांचे गणित जुळेलच असे नाही. पाहुण्यांसाठी सकाळी सहाला घावणे घालणे बेचाळिसाव्या वर्षी हौसेचे असते. बहात्तराव्या वर्षी तेच काम कोण करणार, हे आज ठरवावे लागते. माडाचे आयुष्य साठ-सत्तर वर्षांचे. मालकाच्या हातांतले बळ तेवढे टिकत नाही.

येथे आयुष्याच्या लांबीपेक्षा त्याच्या स्वरूपाचा प्रश्न पुढे येतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साठी भारताचे आयुर्मान ७०.८ आणि निरोगी आयुर्मान ६०.३ दिले आहे. म्हणजे सरासरीने दहा वर्षे कोणत्या ना कोणत्या व्याधीच्या सोबतीने जातात. त्या दहा वर्षांत मालवणचा माणूस कोठे जातो? ओरोसला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०२१ पासून सुरू झाले ही फार मोठी सोय झाली. परंतु कठीण प्रसंगी आजही रुग्णवाहिका बांबोळीच्या दिशेने, गोव्याकडे धावते, नाहीतर घाट चढून कोल्हापूर किंवा बेळगाव गाठावे लागते. शहरात ज्या गोष्टी पायी अंतरावर असतात, त्यांच्यासाठी येथे गाडी, सोबतीला माणूस आणि रात्रीच्या मुक्कामाचा खर्च धरावा लागतो. मुले पुण्यात किंवा परदेशात असतील तर सोबतीचा माणूसही पगारी ठेवावा लागतो. गावी खर्च कमी, हे समीकरण पासष्टीपर्यंत खरे आहे. नंतरच्या वर्षांसाठी वहीत निराळे पान असावे.

स्वतःविषयीचा अदमास थोडा अधिक बारकाईने बांधता येत नाही काय? येतो, परंतु लोक समजतात तितका नव्हे. वडील लवकर गेले म्हणून आपणही जाणार, ही समजूत फार खोलवर रुजलेली असते. डेन्मार्कमधील जुळ्या भावंडांच्या १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आयुष्याच्या लांबीतील फरकांपैकी सुमारे पाव हिस्साच आनुवंशिक आढळला. विम्याच्या अर्जात आई-वडिलांचे वय विचारतात, परंतु त्याबरोबर मृत्यूचे कारणही विचारतात, ते याचसाठी. त्या गृहस्थांचे वडील रक्तदाबाने गेले. त्यांना उभ्या आयुष्यात कोणी नियमित गोळी दिली नव्हती. मुलगा रोज गोळी घेतो, तंबाखूला शिवत नाही, आणि दर पावसाळ्याआधी रक्त तपासून घेतो. तो वडिलांच्या आकड्याला बांधलेला नाही. आपल्या भागातील जुन्या बायकांची मशेरी, पुरुषांचे विडीचे व्यसन, घरोघरी शिरलेला मधुमेह, यांचा विचार अवश्य करावा, आणि ज्याला गंभीर व्याधी जडलेली आहे त्याने निराळा, आखूड हिशेब मांडला तर तेही शहाणपणाचेच आहे. मात्र आखूड हिशेब आपल्यापुरता मांडावा, पत्नीपुरता नव्हे.

आणि हा अदमास एकदाच बांधून पेटीत ठेवण्याचा नाही. दर पाच वर्षांनी तो पुन्हा मांडावा. पंचावन्नाव्या वर्षी हात चालतात तोवर त्यात दुरुस्ती करता येते, पंच्याहत्तराव्या वर्षी येत नाही. पुंजीचा एक हिस्सा सत्तरीच्या आसपास तहहयात वर्षासनात गुंतवावा, कारण तेव्हा तेवढ्याच पैशात अधिक रक्कम मिळते, आणि ते वर्षासन दोघांच्या नावे असावे, म्हणजे एक गेल्यावर दुसऱ्याला ते चालू राहते. कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेत ज्यांचे नाव आहे त्यांनी पन्नासाव्या वर्षापासून मिळणारे निवृत्तिवेतन घाईने घेऊ नये. अठ्ठावन्नला जितकी वर्षे कमी, तितक्या वर्षांमागे दरसाल चार टक्क्यांप्रमाणे कपात होते, आणि ती कपात जन्मभर सोबत राहते.

ते गृहस्थ परवा पुन्हा आले होते. वही नवी होती. पहिल्या पानावर पत्नीची जन्मतारीख, अजून पेंडूरला हिंडत्याफिरत्या असलेल्या तिच्या आईचे वय, आणि त्याखाली पंच्याण्णव हा आकडा. त्यामुळे नोकरीची आणखी तीन वर्षे वाढवावी लागणार आहेत, पुण्याच्या कंपनीने त्यांना घरून काम करण्यास परवानगी दिली आहे, आणि घराच्या सातबाऱ्यावर वहिनींचे नाव चढविण्यासाठी तलाठ्याकडे काय कागद लागतात ते त्यांना माझ्याकडून लिहून हवे होते. आम्ही पडवीत बसून ती यादी केली.